फाडलेला केसपेपर

ती केस आठवली की आजही माझी मूठ आपोआप वळते. नोकरीत मी खून पाहिले, दरोडे पाहिले, आणि त्यातल्या कित्येक आरोपींचे चेहरे आता मला आठवतही नाहीत. पण टाइल्स लावलेल्या एका स्वच्छ दवाखान्यात भर दुपारी जीव गेलेल्या बाईची फाइल मी अजून डोक्यातून काढू शकलेलो नाही. नावे मी लिहिणार नाही. ज्यांना ओळखायचे ते ओळखतील, आणि त्यांनी ओळखले तर मला वाईट वाटणार नाही.

मी तेव्हा गोंदिया जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी ठाणेदार होतो. धान कापणीचे दिवस होते. त्या काळात ठाण्यात येणाऱ्या तक्रारी ठरलेल्या असतात: कोणी कापलेल्या धानाचे पुंजणे जाळले, कोणी बांधावरून डोके फोडले. मंगळवारी दुपारी दोनच्या सुमारास एका खाजगी रुग्णालयाचा मेमो आला. महिला, वय चौतीस, उपचार चालू असताना मृत्यू. मी बीट हवालदाराला पाठवले, मर्ग, म्हणजे अकस्मात मृत्यूची नोंद, दाखल केला, इन्क्वेस्ट पंचनामा करून मृतदेह शवविच्छेदनाला पाठवला. नेहमीची पद्धत.

ती बाई जवळच्या एका गावात अंगणवाडी सेविका होती. सासरच्या पूर्वजांनी बांधलेल्या तलावाच्या पाळीवरून, म्हणजे बांधावरून, रोज पायी अंगणवाडीत जायची. तिथेच पायात काटा गेला. आठ दिवसांत पाऊल सुजले, लाली पोटरीपर्यंत चढली, ताप आला. नवऱ्याने मोटरसायकलवर बसवून तिला दवाखान्यात आणले. सकाळी साडेदहाला ती स्वतःच्या पायाने, थोडी लंगडत, पायऱ्या चढली. दीडच्या आधी ती गेली होती.

नवरा शेती करायचा आणि गावात छोटे किराणा दुकान चालवायचा. नातेवाइकांचा जमाव दवाखान्याच्या दारात उभा होता, दोघा-तिघांच्या हातात दगड होते. मी जाऊन समजावले, कारवाई होईल असा शब्द दिला, आणि नवऱ्याला ठाण्यात घेऊन आलो. तो रडत नव्हता. टेबलाच्या कडेकडे बघत तो एवढेच म्हणाला, "साहेब, तिनं तर सांगतलं होतं ना."

काय सांगितले होते, ते मी विचारले. बाळंतपणाच्या वेळी सरकारी दवाखान्यात तिला पेनिसिलिनचे इंजेक्शन दिले होते. अंगावर गांधी उठल्या, घसा आवळला, श्वास अडकला. तिथल्या डॉक्टरांनी धावपळ करून तिला वाचवले, आणि बजावले की हे औषध पुन्हा कधी घ्यायचे नाही, कुठेही गेलात तरी आधी सांगायचे. बाई सेविका होती. दुसऱ्यांच्या लेकरांची लसीकरणाची कार्डे भरण्यात तिची कित्येक वर्षे गेली होती, त्यामुळे लिहिलेल्या गोष्टीची किंमत तिला माहीत होती. एका कागदावर तिने ते लिहून घेतले होते आणि तो कागद ती पर्समध्ये ठेवायची. दवाखान्यात तिने काउंटरवर सांगितले, नर्सला सांगितले, तपासायला आलेल्या शिकाऊ डॉक्टरलाही सांगितले. नवरा शेजारी उभा होता.

इथे मी माझी चूक लिहितो, कारण ती लपवून दुसऱ्यांच्या चुका सांगायचा मला अधिकार नाही. हवालदाराने त्याच दिवशी केसपेपर मागितला होता. मॅनेजर म्हणाला की डॉक्टरसाहेबांची सही बाकी आहे, उद्या पाठवतो. हवालदार परत आला, मला सांगितले, आणि मी "बरं" म्हणालो. मोठा दवाखाना, शिकलेली माणसे. एखाद्या पानठेल्यावर मारामारी झाली असती तर मी ठेल्याच्या फळ्यासुद्धा त्याच तासात जप्त केल्या असत्या. इथे मी सौजन्य दाखवले. ते सौजन्य पाच दिवस चालले.

पाचव्या दिवशी, रविवारी, केसपेपर आला आणि सोबत दवाखान्याच्या मोठ्या डॉक्टरांची लेखी तक्रार. तक्रारीत म्हटले होते की आपण वेगळेच औषध लिहून दिले होते. नर्सने स्वतःच्या मनाने स्टॉकमधले दुसरे इंजेक्शन लावले आणि त्यानंतर ती फरार झाली. केसपेपरवर औषधाचे नाव खरोखर वेगळे होते. रुग्णास कोणत्याही औषधाची अ‍ॅलर्जी नाही, असेही त्यावर स्पष्ट लिहिले होते. सोबत दवाखान्यातल्या आयाचा, अंगठा उठवलेला जबाब जोडला होता: रुग्णाने माझ्यासमोर अ‍ॅलर्जीबद्दल काही सांगितले नाही.

तो जबाब मी पुन्हा वाचला. तुम्ही औषध बरोबर लिहिले होते, तर अ‍ॅलर्जी सांगितली की नाही याची एवढी काळजी कशाला? नोकरीत मी एक पाहिले आहे. खरे बोलणारा माणूस एका जागी उभा राहतो. खोटे बोलणारा चारही बाजूंनी कुंपण घालत सुटतो, आणि त्या कुंपणावरूनच आपल्याला त्याच्या भीतीची जागा कळते. हे मला तेव्हाही कळत होते. तरी फरार नर्स शोधणे आधी आवश्यक होते, म्हणून मी महिला कॉन्स्टेबलला घेऊन देवरीकडे निघालो.

तिचे गाव हायवेपासून आत, जंगलाला लागून होते. गोंड कुटुंब, घरात आईबाप आणि ही एकटी शिकलेली. वय तेवीस. आम्ही पोहोचलो तेव्हा ती अंगणात धान वाळत घालत होती. फरार माणूस जीप बघून पळतो. ही हात पुसून समोर येऊन उभी राहिली.

मी तिच्यावर ओरडलो. हेही लिहितो. काऊन पळाली, काय लपवतेस, जेलमध्ये जाशील, असे सगळे बोललो. तिने ऐकून घेतले. मग म्हणाली, "मी कायले पळू, साहेब? मॅनेजरनं म्हटलं घरी जाय, बोलावू तवा ये. तुमी आठवड्याचे कपडे घेऊन ठाण्यात ये म्हटलं असतं, तं तेही घेऊन आली असती."

ठाण्यात आणून महिला कॉन्स्टेबलसमोर तिचा जबाब घेतला. तीन तास लागले. मी प्रश्न उलटसुलट फिरवून विचारले, पण तिचे उत्तर एकदाही हलले नाही. बाईने अ‍ॅलर्जी सांगितली तेव्हा तिने केसपेपरवर लाल पेनने ती लिहिली. मोठे डॉक्टर दवाखान्यात नव्हते. त्यांनी पायाची माहिती फोनवर ऐकली आणि फोनवरच इंजेक्शनचे नाव सांगितले. दवाखान्याच्या मेडिकलमधून बाटली आली. वर कंपनीने दिलेले नाव होते, पण खाली बारीक अक्षरात मूळ औषधाचे नाव होते, आणि त्याच्या शेवटी 'सिलिन' असे लिहून होते. ते वाचून तिने पुन्हा फोन लावला.

"काय बोललीस फोनवर, ते शब्दाला शब्द सांग," मी म्हणालो.

"मी म्हटलं, सर, पेशंटले पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी आहे, लाल पेननं लिहून ठेवली आहे, आन या बाटलीवर सिलिन लिहून आहे. ते म्हणाले, वो पेनिसिलिन नहीं है, कॉम्बिनेशन है, लगा दो. मी म्हटलं टेस्ट डोस देऊ का. ते म्हणाले, मुझे मत सिखाओ." मग खाली बघून म्हणाली, "मंग मी लावलं, साहेब. माझ्याच हातानं गेली ते बाई. हेही लिहा."

मी ते लिहिले. आरोपीच्या खुर्चीत बसून स्वतःविरुद्धचे वाक्य आठवणीने लिहून घ्यायला सांगणारी माणसे मला फार भेटली नाहीत.

सलाइनमधून औषध सुरू होऊन काही मिनिटे झाली असतील, बाई म्हणाली की हाताला खाज सुटून राहिली. मग ओठ सुजले, आवाज घोगरा झाला. नर्सने औषध बंद केले, ऑक्सिजन लावला, ट्रेमध्ये होती ती इंजेक्शने दिली. अशा वेळी पहिल्यांदा द्यायचे असते ते अ‍ॅड्रेनालिन. ते ट्रेमध्ये नव्हते, कपाटात होते. कपाटाला कुलूप होते. किल्ली मॅनेजरच्या खिशात होती आणि मॅनेजर जेवायला घरी गेला होता. शिकाऊ डॉक्टर त्याला आणायला धावत गेला. किल्ली आली तोवर बाईचे डोळे उघडे होते, पण त्यात कोणी नव्हते.

त्या दिवशी मी जेवलो नाही.

पण माझा राग कोर्टात पुरावा म्हणून चालत नाही. माझ्याकडे नर्सचा आणि नवऱ्याचा शब्द होता, शिकाऊ डॉक्टर काही आठवत नाही म्हणत होता, आणि समोर मोठ्या डॉक्टरच्या सहीचा कागद. लाल पेनने लिहिलेला खरा केसपेपर असलाच तर कुठे होता?

दोन दिवसांनी दुपारी दवाखान्याची आया ठाण्यात आली. तीच, जिचा अंगठा त्या जबाबावर होता. पन्नाशीची बाई, पदराने तोंड झाकून बाकावर बसली होती. कोणी पाहू नये म्हणून बाजाराची पिशवी सोबत घेऊन आली होती. मी तिला आत बोलावले. ती म्हणाली की अंगठा घेतला तेव्हा काय लिहिले आहे ते कोणी वाचून दाखवले नाही. अंगठा दिला नाही तर उद्यापासून येऊ नको, एवढे सांगितले. "मी तिथंच फरशी पुसून राहिली होती, साहेब. बाईनं सांगतलं, नर्सबाईनं लाल पेननं लिवलं. मले वाचता नाही येत, पण लाल रंग तं दिसते. मॅनेजरनं तो कागद मायासमोर फाडला. तुकडे मीच झाडून काढले."

तुकडे कचऱ्यात गेले होते. शोधून उपयोग नव्हता. पण कागद एक नसून दोन होते, हे आता पक्के झाले. खोटा कागद माझ्याच टेबलावर होता.

मी दवाखान्यावर गेलो, पंच सोबत घेतले, आणि त्या महिन्यात भरती झालेल्या सगळ्या रुग्णांचे केसपेपर पंचनामा करून ताब्यात घेतले. मॅनेजर खूप विनंत्या करत होता. या वेळी मी चहासुद्धा घेतला नाही. ठाण्यात आल्यावर ते कागद तारखेप्रमाणे लावले आणि मयत बाईचा कागद तिच्या तारखेच्या गठ्ठ्यात ठेवला. हस्ताक्षर बघितले, शाई बघितली. काही हाती लागेना. मग माझा रायटर, ठाण्यातली लिखापढी करणारा हवालदार, ज्याचे आयुष्य छापील फॉर्म भरण्यात गेले होते, तो माझ्या खांद्यावरून वाकून म्हणाला की साहेब, हा फॉर्मच वेगळा आहे.

खरेच वेगळा होता. त्या मंगळवारी भरती झालेल्या इतर सगळ्यांच्या फॉर्मवर खाली दवाखान्याचा पत्ता होता आणि तिथे मजकूर संपत होता. बाईच्या फॉर्मवर पत्त्याखाली आणखी एक ओळ छापलेली होती: रुग्णवाहिका सेवा उपलब्ध. ती ओळ असलेले फॉर्म गठ्ठ्यात पुढे होते, पण सगळे रविवारनंतरचे.

छापखाना गोंदियाला होता. मालकाने फॉर्म हातात घेतला, उलटून पाहिला, आणि डिलिव्हरीची वही काढली. "साहब, ये लाइन तो उन्होंने बाद में डलवाई। माल मैंने शनिवार को भेजा।" मी तारीख दोनदा वाचली. बाई मंगळवारी गेली होती. ज्या कागदावर डॉक्टरने मंगळवारी दुपारी तिला तपासल्याचे लिहिले होते, तो कागद शनिवारपर्यंत दवाखान्यात आलाच नव्हता.

मोबाइल कंपनीकडून कॉल डिटेल्स मागवले होते, तेही आले. नर्सच्या फोनवरून डॉक्टरला त्या दुपारी दोन कॉल होते, थोड्याच वेळाच्या अंतराने. केसपेपरप्रमाणे त्या वेळी डॉक्टर खाटेशेजारी उभे होते. त्यांचा फोन मात्र गोंदियालगतच्या फुलचूरच्या टॉवरवर होता. तिथे त्यांचा दुसरा दवाखाना होता.

आता मी त्यांना बोलावले. ते येण्याआधी दोन मोठ्या माणसांचे फोन येऊन गेले. सांभाळून घ्या, प्रतिष्ठित माणूस आहे, असे. मी दोघांनाही सांगितले की सांभाळूनच घेत आहे. डॉक्टर वकिलासोबत आले, इस्त्रीचा शर्ट, हातात दोन फोन. मी त्यांना काहीही दाखवले नाही. फक्त विचारत गेलो आणि त्यांना बोलू दिले. केसपेपर कोणी लिहिला? मीच. कधी? मंगळवारी, साडेबाराच्या सुमारास. कुठे? रुग्णाच्या खाटेजवळ. हा फॉर्म त्या वेळी भरला होता का? हो. रायटरने सगळे उतरवले, वकिलाने वाचले, डॉक्टरने सही केली.

मग मी छापखान्याच्या वहीची सत्यप्रत टेबलावर ठेवली. तिच्या शेजारी मंगळवारचे बाकीचे फॉर्म. त्यांच्या शेजारी कॉल डिटेल्स.

वकिलाला आधी कळले. त्याने खुर्ची किंचित मागे घेतली. डॉक्टरने पाणी मागितले. पाणी पिऊन झाल्यावर ते माझ्याशी एकदम घरगुती आवाजात बोलू लागले. दिवसभर किती रुग्ण बघावे लागतात, किती ठिकाणी धावावे लागते. मी विचारले की त्या मुलीचे नाव या कागदात का अडकवले. ते म्हणाले, "तिचं काय, साहेब, तिला दुसरीकडे नोकरी मिळेल. माझं नाव गेलं की सगळं गेलं."

मी खुर्चीवरून उठलो आणि बाहेर व्हरांड्यात जाऊन उभा राहिलो. आत थांबलो असतो तर माझ्या हातून नियमाबाहेरचे काहीतरी घडले असते.

डॉक्टरवर हलगर्जीचा गुन्हा लावण्याआधी तज्ज्ञ समितीचे मत घ्यावे लागते. ते योग्यच आहे, नाहीतर प्रत्येक मृत्यूनंतर एक डॉक्टर कोठडीत दिसेल. कागदपत्रे समितीकडे गेली. समितीतल्या एका ज्येष्ठ डॉक्टरांनी मला समोर बसवून समजावले. ते औषध दोन औषधांचे मिश्रण असते. एक असते पेनिसिलिनच्याच घराण्यातले. जंतू त्याचा नाश करू नयेत म्हणून दुसरे सोबत दिलेले असते. मिश्रण झाले म्हणून पहिले औषध बदलत नाही. "औषध चांगलं आहे," ते म्हणाले. "मी स्वतः किती जणांना दिलंय, किती जण त्यानं वाचलेत. पण द्यायच्या आधी एक प्रश्न विचारायचा असतो. इथे तर विचारायचीही गरज नव्हती, पेशंटनेच सांगितलं होतं." त्या पायासाठी पेनिसिलिन नसलेली दुसरी औषधे होती, आणि ती त्याच मेडिकलच्या फळीवर होती. समितीने तसे मत लेखी दिले. शवविच्छेदनाच्या अहवालातही स्वरयंत्राला आलेली सूज नोंदवलेली होती.

डॉक्टर आणि मॅनेजर, दोघांवर दोषारोपपत्र गेले. हलगर्जीने मृत्यू, पुरावा नष्ट करणे, खोटा पुरावा तयार करणे. नर्सला साक्षीदार केले. बचाव पक्षाच्या वकिलाने तिची दोन दिवस उलटतपासणी घेतली. इंजेक्शन कोणाच्या हाताने दिले, हा प्रश्न त्याने किती वेळा विचारला असेल. प्रत्येक वेळी ती म्हणाली, माझ्या. एकदाही तिने ते उत्तर छोटे केले नाही. आयाची नोकरी गेली, पण तिने साक्ष फिरवली नाही. खालच्या कोर्टाने दोघांनाही दोषी धरले. त्यावर अपील झाले, शिक्षेला स्थगिती मिळाली. अपील अजून चालू आहे. दवाखानाही चालू आहे, फक्त बोर्डावर आता दुसऱ्याचे नाव आहे. नर्सने ते काम सोडले. देवरीच्या बाजूला ती आता शाळेतल्या पोरांचा पोषण आहार शिजवते, असे मध्यंतरी कळले. एक चांगली नर्स आपण घालवली, आणि त्याची नोंद कोणत्याही दोषारोपपत्रात नाही.

लोक विचारतात, या केसने काय शिकवले. पहिली गोष्ट माझ्या खात्यासाठी. कागद त्याच दिवशी, त्याच तासाला ताब्यात घ्या, समोरच्याच्या शर्टाला इस्त्री असो वा नसो. ते पाच दिवस मी दिले होते. फॉर्म नवे छापून आले नसते, तर ती मुलगी आज माझ्यामुळे शिक्षा भोगत असती.

दुसरी गोष्ट सांगताना मात्र माझा आवाज अजून चढतो. आम्ही पोलीस मरणाऱ्या माणसाचा जबाब किती जपून घेतो. जळालेली बाई असो, अपघातातला माणूस असो, दंडाधिकाऱ्यांना बोलावतो, शुद्धीवर असल्याचा डॉक्टरचा दाखला घेतो, सगळ्यांना खोलीबाहेर काढतो आणि प्रत्येक शब्द जसाच्या तसा उतरवतो. कायदा मानतो की मरताना माणूस खोटे बोलत नाही. ही बाई पूर्ण शुद्धीवर होती. पलंगावर बसून, स्वतःच्या शरीराबद्दल, स्पष्ट मराठीत सांगत होती. ज्याच्या हातात औषध ठरवणे होते, त्याला जिवंत माणसाचे तेवढे एक वाक्य खरे मानता आले नाही.